संपीडन, आवळणे आणि ‘स्मार्ट’ धागा : एका परिभाषेचे परीक्षण

१

वैद्यकातील एखादे नवे साधन मराठी घरात शिरते तेव्हा ते एकटे शिरत नाही. आपले शब्दही बरोबर घेऊन येते. साधनाची पारख वैद्याने आणि अभियंत्याने करावयाची, हे उघड आहे. शब्दांची पारख कोणी करावयाची, हे मात्र आपल्याकडे अद्याप ठरलेले नाही. परिभाषा बनविणारे ती बनवून मोकळे होतात, वैद्य ती वापरून मोकळे होतात, आणि तिचा अर्थ लावण्याचे काम शेवटी रुग्णाकडे येते. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा परिभाषेचे परीक्षण करावयाचे आहे.

विषय आहे सुजलेल्या पायांवर आणि हातांवर चढविल्या जाणाऱ्या दाबवस्त्रांचा : घट्ट मोजे, बाह्या, गुंडाळावयाच्या पट्ट्या, आणि अलीकडे ज्यांचा धागा किंवा तार स्वतःच आपला ताण बदलते अशी नवी वस्त्रे. या साऱ्यांना मराठीत सामान्यतः ‘संपीडन-वस्त्रे’ म्हणतात. नव्या वस्त्रांच्या मागे ‘स्मार्ट’ हे विशेषण लागते. माझे म्हणणे थोडक्यात असे : ‘संपीडन’ या शब्दाने दाब आहे एवढेच कळते, तो कोण देतो, केव्हा देतो आणि तो सुटतो कसा, हे कळत नाही. ‘स्मार्ट’ या शब्दाने याच्या उलट चूक होते. ज्याला विवेक नाही त्याला तो असल्याचे त्यातून सुचते. पहिला शब्द कर्ता लपवितो, दुसरा खोटा कर्ता उभा करतो. आणि ही केवळ व्याकरणाची बाब नव्हे. चुकीच्या जागी पडलेला दाब कातडीला आणि रक्तप्रवाहाला इजा करू शकतो.

२

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो ग्रंथालयात नव्हे, पळसदरीस. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या फाट्यावरचे, बोरघाटाच्या पायथ्याचे हे गाव. १८५६ साली रेल्वे येथून खोपोलीपर्यंत गेली आणि १८६३ साली घाटाची चढण बांधून झाल्यावर मुंबई–पुणे मार्ग सलग झाला. भातशेती आणि रेल्वे या दोन्ही कामांत माणूस तासन्‌तास उभा असतो. आवणीच्या दिवसांत तर तो गुडघाभर चिखलात वाकून उभा असतो. पोटरीवर निळ्या शिरा फुगलेल्या आणि घोटे काळवंडलेले असे पाय येथे नवलाचे नाहीत. अर्थात ते इतरत्रही नवलाचे नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका वृद्ध काकूंना अशा विकारासाठी लवचीक मोजे दिले गेले होते. सोबत मराठीत छापलेली माहितीपत्रिका होती. ती त्यांनी दोनदा वाचली आणि मग मला विचारले, “सर, हा दाब म्हणजे माझा बीपीच ना? मग तो वीस ते तीस इतका कमी कसा? डॉक्टर तर एकशे चाळीस म्हणाले होते.” प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, पत्रिकेने दिलेल्या भाषेतून निघणारा तो अगदी तर्कशुद्ध प्रश्न होता. बोलीत ‘दाब’ म्हटले की रक्तदाब. मोज्याचा दाबही पाऱ्याच्या मिलिमीटरांतच मोजतात. तेव्हा एकच नाम, एकच माप आणि एकच शरीर. हे दोन दाब भिन्न आहेत, हे सांगणारा एकही शब्द त्या पत्रिकेत नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. मोजा गुडघ्याखाली काचतो म्हणून काकूंनी त्याची वरची कड दुमडून घेतली होती. त्या कडेखाली कातडीवर खोल लाल वळ उमटला होता. ‘दुमडले की सैल होते’ हा त्यांचा हिशेब साडीच्या निरीचा किंवा सदऱ्याच्या बाहीचा होता. येथे मात्र दुमडल्याने कापडाचे दोन थर होतात आणि त्या पट्ट्यात दाब जवळजवळ दुप्पट होतो. पत्रिकेत मोज्याचा दाब ‘क्रमवर्धी’ असल्याचे लिहिले होते. क्रमाने वाढणारा; परंतु कोणत्या दिशेने? खालून वर वाचणाऱ्याला वाटेल की वर जावे तसा तो वाढतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे : हा दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि गुडघ्याकडे क्रमाने कमी असावयास हवा. म्हणजे ज्या शब्दाने काकूंना सावध करावयाचे त्यानेच, वर घट्ट असणे योग्य आहे, असे त्यांना सांगितले.

३

घोट्याशीच जास्त दाब का, हे पळसदरीच्या माणसाला समजावणे कठीण नाही. माणूस निश्चल उभा असताना घोट्यापाशी नीलेतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर असतो. तो चालू लागला की पोटरीचे स्नायू आळीपाळीने आवळतात, रक्त वर ढकलले जाते आणि हाच दाब सुमारे २० ते ३० पर्यंत उतरतो. वर गेलेले रक्त खाली येऊ नये म्हणून नीलांत झडपा असतात. बोरघाटात ३७ फुटांस एक फूट अशी चढण आहे; तीवर अनेक गाड्यांना कर्जतेस मागून ‘बँकर’ इंजिने जोडतात आणि मागे घसरलेली गाडी अडविण्यासाठी घाटात वेगळ्या चढत्या मार्गिका ठेवलेल्या आहेत. पोटरी हे येथले इंजिन, झडपा या त्या मार्गिका. झडपा निकामी झाल्या म्हणजे चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही, पाणी पेशींबाहेर साठते, सूज येते आणि पुढे जखमा होतात. वस्त्राचा आधार लागतो तो येथे. आणि तो चढणीच्या तळाशी अधिक लागतो.

त्या आधाराचे गणित लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. वस्त्राचा ताण भागिले अवयवाची त्रिज्या म्हणजे दाब. ताण सर्वत्र सारखा ठेवला तर बारीक घोट्यावर दाब जास्त आणि जाड पोटरीवर कमी, असे आपोआप घडते. याच नियमाने नडगीच्या धारेवर, म्हणजे जेथे वक्रता तीव्र आहे तेथे, दाब धोकादायक रीतीने वाढतो. मराठीत ‘ताण’ आणि ‘दाब’ हे दोन स्वतंत्र, सर्वांना परिचित शब्द असल्यामुळे हा नियम मराठीत इंग्रजीपेक्षाही सुबोध सांगता येतो. ‘ताण कापडात असतो, दाब पायावर पडतो’ या एका वाक्यात अर्धे शास्त्र आले. पण पत्रिकेत या दोन्ही शब्दांची जागा ‘संपीडन’ हा एकच शब्द घेतो.

४

‘संपीडन’ शब्दाची कुळकथा पाहण्याजोगी आहे. संस्कृत ‘पीड्’ धातूचा अर्थ दाबणे, पिळणे आणि त्यातूनच त्रास देणे. मराठीतील ‘पिळणे’ हे क्रियापद याच धातूचे प्राकृतातून आलेले रूप होय. ‘पीडा’ हे त्याचेच तत्सम नाम. कोशकाराला ‘संपीडन’मध्ये ‘दाबणे’ ऐकू येते. सामान्य मराठी वाचकाला मात्र ‘पीडा’ ऐकू येते, आणि त्याचा कान खोटे सांगत नाही. वायूच्या किंवा स्प्रिंगच्या संदर्भात या संज्ञेबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तेथे ती नेमकी आणि सोयीची आहे. तक्रार आहे ती तीच संज्ञा जिवंत पायावर आणून बसविण्याबद्दल.

याहून मोठा दोष व्याकरणाचा आहे. ‘संपीडन’ हे भाववाचक नाम. क्रियापदाचे असे नाम केले की कर्ता आणि कर्म वाक्यातून निसटतात. शास्त्रीय गद्याला ते सोयीचे जाते. परंतु या उपचारात कर्ता कोण, हाच मुख्य प्रश्न आहे. पुढील तीन प्रकार पाहावेत.

पहिला, खूप ताणली जाणारी लवचीक पट्टी किंवा मोजा. ताणलेला रबरी धागा मूळ लांबीकडे येऊ पाहतो आणि पायाला सतत आवळतो. रुग्ण चालो वा निजो. येथे कर्ता वस्त्र आहे.

दुसरा, फार न ताणली जाणारी जाड पट्टी. ही स्वतःहून फारसे काही करीत नाही. रुग्ण आडवा असताना तिचा दाब थोडा असतो. तो चालू लागला की फुगणारी पोटरी तिच्यावर अडते आणि दाब एकदम चढतो. म्हणजे येथे पट्टी पायाला दाबत नाही, पाय पट्टीला दाबतो. कर्ता पाय आहे. म्हणूनच ही पट्टी बांधून दिवसभर खाटेवर पडून राहणाऱ्याला तिचा पुरता लाभ होत नाही.

तिसरा, हवेच्या पिशव्यांचे यंत्र. पिशव्या क्रमाने फुगतात आणि रिकाम्या होतात. कर्ता यंत्र आहे आणि क्रिया थांबून थांबून होणारी आहे.

इंग्रजी वैद्यकाने या तिहींना एकच नाव दिले आणि मग ती चूक सावरण्यासाठी विश्रांतीचा दाब व कार्याचा दाब असे दोन शब्द जोडले. आपण मूळ नावाचे भाषांतर केले, दुरुस्तीचे बहुधा केले नाही. वास्तविक ‘निजतानाचा दाब’ आणि ‘चालतानाचा दाब’ असे म्हटले की पहिल्या दोन प्रकारांतील भेद कोणासही समजतो.

आता मराठीची स्वतःची क्रियापदे पाहू. ‘दाबणे’ ही बहुधा बाहेरून, एका जागी आणि हाताने केलेली क्षणिक क्रिया : बटण दाबावे, जखम दाबून धरावी. ‘चेपणे’ तालावर, थांबून थांबून, आराम देण्यासाठी : दमल्या माणसाचे पाय चेपतात. ‘आवळणे’ दोरीने किंवा फडक्याने सभोवार, आणि ते टिकून राहते. ‘करकचणे’ म्हणजे मर्यादेबाहेर आवळणे. दोषाची जाणीव त्या क्रियापदातच आहे. ‘आकसणे’ हे अकर्मक. तेथे वस्तू स्वतःच लहान होते. हवेचे यंत्र चेपते, लवचीक मोजा आवळतो, आखूड ताणाच्या पट्टीवर पोटरी अडते, आणि चुकीने बांधलेली पट्टी करकचते. चार क्रियापदांत चार यंत्रणा स्पष्ट झाल्या, आणि एकीसाठीही कोश उघडावा लागला नाही.

येथे एका शब्दाच्या प्रवासाची आठवण होते. पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळावयाची फौजी पट्टी इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलली; तिचे इंग्रजी नावही आपल्या ‘पट्टी’चेच रूप आहे. तीच वस्तू आज दवाखान्यातून ‘कॉम्प्रेशन रॅप’ म्हणून परत येते आणि आपण तिला ओळखत नाही.

५

आता ‘स्मार्ट’ धाग्याकडे वळू. या पदार्थांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू, निटिनॉल. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९५९च्या सुमारास त्यावर काम आरंभिले. नावातील शेवटची अक्षरे त्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे आहेत. १९६१ साली एका बैठकीत या धातूची दुमडलेली पट्टी हातोहात फिरत असता एकाने तिच्याखाली लायटर धरला आणि ती आपोआप सरळ झाली. थंड असता त्याची स्फटिकरचना एक, ठराविक तपमानावर दुसरी. रचना बदलली की आधी घडविलेला आकार परत येतो. एवढेच त्याचे ‘स्मरण’.

या तारेचे बारीक वेटोळे कापडात बसवून त्यातून वीज सोडली की ती तापते, आकसते आणि वस्त्र घट्ट होते. २०१४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी अशा वेटोळ्यांची वस्त्ररचना अंतराळवेशासाठी मांडली. तेथे हवेच्या जागी कापडानेच शरीरावर सुमारे ३० किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या सव्वादोनशे मिलिमीटरांजवळ दाब द्यावयाचा होता. पायमोज्याच्या कितीतरी पट. पुढे हीच कल्पना सुजलेल्या अवयवांच्या उपचाराकडे वळली. दुसरी वाट बहुवारिकाच्या धाग्यांची. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठात आकारस्मृतीच्या पॉलियुरेथेन धाग्यांचे मोजे विणून पाहिले गेले; त्यांना ऊब दिली की पायावर चढविल्यानंतरही त्यांचा ताण बदलता येतो. आपल्या देशातही दिल्लीच्या आय. आय. टी.मध्ये वस्त्रविद्येच्या अंगाने दाबपट्ट्यांचा अभ्यास झालेला आहे.

या प्रयत्नांचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. साध्या मोज्याचा ताण धुण्याने आणि वापराने ओसरतो. सूज उतरली की पट्टी ढिली पडते. म्हाताऱ्या हातांना घट्ट मोजा चढविता येत नाही. सैल चढवून मग घट्ट करता येणारे वस्त्र या तिन्ही अडचणींवर खरा उपाय ठरू शकेल. काकूंसारख्यांना त्याची गरज आहेच.

पण त्याला ‘स्मार्ट’ म्हणणे कितपत योग्य? या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ झोंबणे, ठणकणे. तल्लख आणि हुशार हे अर्थ नंतरचे. ‘संपीडना’त पीडा आणि ‘स्मार्ट’मध्ये ठणका, हा योगायोग रुग्णाच्या दृष्टीने मोठा बोलका आहे. ते असो. आजच्या मराठीत ‘स्मार्ट’ म्हणजे हुशार. आणि हुशार म्हणजे ज्याला कळते तो. या तारेला काय कळते? तपमान. पाय सुजला आहे की नाही, रुग्ण निजला आहे की चालतो आहे, बोटे निळी पडली आहेत काय, हे तिला कळत नाही. ते कळण्यासाठी वेगळे संवेदक आणि त्यांचे ऐकून वीज कमीजास्त करणारा नियंत्रक लागतो, आणि त्या नियंत्रकाला मर्यादा आखून देणारा वैद्य लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट सुटण्याची. सामान्यतः ही तार तापल्यावर आकसते. वीज बंद झाली म्हणून ती आपण होऊन पूर्ववत लांब होत नाही. थंड झाल्यावर ती मऊ पडते आणि दुसऱ्या कशाची तरी ओढ असेल तरच ताणली जाते. आवळणे तिला येते, सैल होणे तिला येत नाही. शिवाय ती निवण्यास वेळ लागतो. आणि कातडीला दीर्घकाळ लागून असलेल्या वस्तूचे तपमान सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास भाजण्याचा धोका असतो, म्हणून तार आणि त्वचा यांच्यामध्ये उष्णतारोधक थर घालावा लागतो. कर्जत–खालापूरच्या दमट उन्हाळ्यात, जेथे साधा मोजाच दुपारी नकोसा होतो, तेथे हा आणखी एक थर किती जण सोसतील, हा प्रश्न प्रयोगशाळेतील अहवालावरून सुटणारा नाही. ज्यांच्या पायातील रोहिण्याच अरुंद झाल्या आहेत त्यांना तर जोराचा दाब अपायकारक ठरतो. अशा पायावर चढविलेले वस्त्र ‘हुशार’ आहे म्हणून स्वतःहून नकार देणार नाही. ‘स्मार्ट’ हे विशेषण रुग्णाची सावधगिरी कमी करते, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होय.

मराठीत ‘आकसता धागा’ किंवा ‘ऊब लागता आकसणारे वस्त्र’ म्हणावे. त्यात काय घडते, कशाने घडते आणि कोणते घडत नाही, हे तिन्ही येते. धातूला शास्त्रीय लेखनात ‘आकारस्मृती मिश्रधातू’ म्हणण्यास हरकत नाही. कारण ते त्याचे वर्णन आहे, स्तुती नव्हे.

६

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळून चालणार नाही. परिभाषा ही बोली नव्हे. ती एकार्थी आणि सर्वत्र सारखी असावी लागते. कर्जतेस ‘आवळणे’, चंद्रपुरास आणखी काही, असे झाले तर शास्त्र शिकवावयाचे कसे? शिवाय ‘आवळणे’ शब्दाला फासाचीही आठवण आहे. तो ‘संपीडना’हून कमी भीतिदायक कशावरून?

आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. ‘आवळणे’ सर्वत्र चालेल असे मी म्हणत नाही. ‘बेताचे आवळणे’ असेच म्हणावे लागेल. पहिल्या भागाबाबत मात्र असे दिसते की एकार्थतेचा दावा तत्सम शब्दांनीही पाळलेला नाही. ‘क्रमवर्धी’चे उदाहरण वर आलेच. ‘दुसऱ्या वर्गाचा मोजा’ घ्या : ब्रिटिश प्रमाणानुसार त्याचा घोट्यावरील दाब १८ ते २४ मिलिमीटर, जर्मन प्रमाणानुसार २३ ते ३२. एकच अंक, दोन अर्थ. येथे शब्द संस्कृत की परका, हा राज्यव्यवहारकोशापासून चालत आलेला वाद उपयोगी पडत नाही. कसोटी एकच : वाक्यातील कर्ता, दिशा आणि मर्यादा ऐकणाऱ्यास कळली काय?

तेव्हा दोन पातळ्या कराव्यात. पाठ्यपुस्तकात ‘संपीडन’ राहू द्यावे. रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर मात्र नामांऐवजी क्रियापदे असावीत. हा कागद वाचणारे अनेक आहेत. फुगलेल्या नीलांचे रुग्ण आहेत. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील ग्रंथी काढल्यावर हात सुजलेल्या स्त्रिया आहेत, ज्यांपैकी काही आपल्याच जिल्ह्यात खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये उपचारासाठी येतात. विदर्भात हत्तीरोगाचे रुग्ण आहेत, ज्यांच्यासाठी पाय रोज साबणाने धुणे, कोरडा करणे आणि उंच ठेवणे हे कोणत्याही वस्त्राच्या आधी येते. तिघांचे विकार वेगळे, तिघांना लागणारी क्रिया वेगळी. बोलीत ‘शीर’ हा शब्दही नीला, मज्जातंतू आणि स्नायूंची दोरी यांना सरसकट लावतात, हे ध्यानात घेता येथे एकेक वाक्य तपासून लिहिणे आवश्यक ठरते.

काकूंच्या मोज्यासाठी आम्ही दोघांनी बसून पाच वाक्ये लिहिली. ती अशी : हा मोजा पायाला आवळतो, तुमच्या बीपीशी या आकड्याचा संबंध नाही. घोट्याशी जास्त आणि गुडघ्याकडे कमी घट्ट लागला पाहिजे. वरची कड कधीही दुमडू नका. दुमडली की तेथे दुप्पट आवळतो. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा दुखू लागली तर लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘लगेच’ हा शब्द त्यांनी सुचविला. मी ‘त्वरित’ लिहिले होते.

भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यात एक काम आहे. अशा माहितीपत्रिका जमवाव्यात, त्या कर्जत–खालापूरच्या वाड्यांत वाचून दाखवाव्यात आणि ऐकणाऱ्याने काय केले, नुसते काय म्हटले एवढेच नव्हे, याची नोंद करावी. आकसती वस्त्रे अजून येथल्या घरांत आलेली नाहीत. ती येण्याआधी त्यांची भाषा तपासून ठेवता येईल. मोज्याच्या बाबतीत ती संधी आपण गमावली आहे.